पायलट व्हायचंय? एनडीए, फ्लाइंग क्लब, कॅडेट प्रोग्राम की परदेश? पैसे भरण्याआधी चारही वाटा समजून घ्या

२५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडायला लागली आणि पनवेल, उलवे, उरणच्या लोकांना विमान डोक्यावरून जाताना बघण्याची सवय झाली. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं तेव्हापासूनच या भागातल्या बारावीच्या वर्गांत एक प्रश्न वाढला होता, "पायलट व्हायला काय लागतं?"

या प्रश्नाला इंटरनेटवर हजार उत्तरं मिळतात. त्यातली बरीचशी अशा लोकांनी दिलेली असतात, ज्यांना तुमची ॲडमिशन हवी असते. रील्समध्ये चार पट्ट्यांचा गणवेश दिसतो, कॉकपिटमधला सूर्योदय दिसतो आणि शेवटी एक फोन नंबर दिसतो. मधलं काहीच दिसत नाही.

आणि मधलं म्हणजे पैसा. पनवेल तालुक्यात हा विषय अजून नाजूक आहे. इथे अनेक घरांकडे विकण्यासारखी एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे साडेबारा टक्क्यांचा प्लॉट किंवा विमानतळासाठी दिलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला साडेबावीस टक्क्यांचा प्लॉट. १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईला आंदोलन झालं, पाच शेतकऱ्यांनी जीव गमावला आणि त्यातून साडेबारा टक्क्यांचं धोरण आलं. तो प्लॉट मुलाच्या किंवा मुलीच्या ट्रेनिंगसाठी विकायचा की नाही, हा निर्णय रील बघून घेण्यासारखा नाही.

म्हणून आज बघू, भारतात पायलट होण्याच्या वाटा किती, प्रत्येकीला खर्च किती, वेळ किती आणि कुठे पाय घसरू शकतो.

आधी एक गैरसमज दूर करू

घराजवळ विमानतळ आला म्हणून घराजवळ ट्रेनिंग मिळेल, असं नाही. मोठ्या प्रवासी विमानतळावर दर काही मिनिटांनी विमान उतरत असतं. तिथे शिकाऊ पायलटने दोन सीटच्या विमानात एकच लँडिंग वीस वेळा करून बघणं शक्य नसतं.

बॉम्बे फ्लाइंग क्लबचंच उदाहरण घ्या. हा देशातल्या सगळ्यात जुन्या क्लबपैकी एक. जे. आर. डी. टाटा यांना फेब्रुवारी १९२९ मध्ये भारतातलं पहिलं पायलट लायसन्स मिळालं, ते याच क्लबमध्ये शिकून. क्लबचं मूळ ठिकाण जुहू, पण मुंबईच्या आकाशातली गर्दी वाढत गेली आणि क्लबचं उड्डाण प्रशिक्षण धुळ्याला गेलं. महाराष्ट्रात आज उड्डाण शिकायचं तर धुळे, शिरपूर, बारामती, जळगाव, गोंदिया, नागपूर अशा ठिकाणी जावं लागतं. पनवेलहून यातलं सगळ्यात जवळचं बारामती, तेसुद्धा दोनशे किलोमीटरच्या पुढे. म्हणजे फीसोबत राहण्या-खाण्याचा खर्च आलाच.

लायसन्स एकच, वाटा वेगळ्या

तुम्ही कुठेही शिका, भारतात पगार घेऊन विमान उडवायचं तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीसीएचं कमर्शियल पायलट लायसन्स लागतं. सगळे त्याला सीपीएल म्हणतात. त्याच्या मुख्य अटी अशा :

• वय किमान १८ वर्षं. शिकाऊ लायसन्स १६ व्या वर्षी काढता येतं.

• बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित. कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांनाही दार उघडावं, अशी चर्चा २०२५ मध्ये सुरू झाली. पण तयारी करताना हे दोन विषय लागणार असंच धरून चाला. ज्यांनी बारावीला हे विषय घेतले नव्हते, ते राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून ते देऊ शकतात.

• डीजीसीएच्या लेखी परीक्षा : एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाचं तांत्रिक ज्ञान. पास व्हायला ७० टक्के लागतात. शिवाय रेडिओवर बोलण्याचं आरटीआर हे प्रमाणपत्र. त्याची परीक्षा पूर्वी दूरसंचार विभाग घ्यायचा, १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने ते काम डीजीसीएकडे दिलं.

• क्लास वन मेडिकल.

• किमान २०० तास उड्डाण. त्यातले १०० तास पायलट इन कमांड म्हणून, म्हणजे विमानाची पूर्ण जबाबदारी तुमच्यावर. २० तास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचं उड्डाण, त्यात ३०० सागरी मैलांचा, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटरचा एक मोठा टप्पा. ५ तास रात्रीचं उड्डाण, किमान १० टेकऑफ आणि १० लँडिंगसह. १० तास फक्त उपकरणांकडे बघून उडवण्याचे.

यात पदवी कुठेच नाही, हे लक्षात घ्या. 'बीएस्सी एव्हिएशन' सारखे कोर्स चांगले असू शकतात. उद्या मेडिकलमध्ये अडचण आली तर हातात पदवी राहते, हा त्यांचा खरा फायदा. पण त्या पदवीने कुणी पायलट होत नाही. सीपीएल वेगळंच काढावं लागतं.

आता वाटा बघू.

वाट पहिली : हवाई दल

ही एकच वाट अशी आहे, जिथे तुम्ही पैसे देत नाही, सरकार तुम्हाला देतं.

बारावीनंतर एनडीए. साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वय, यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा, मग एसएसबी मुलाखत. तीन वर्षं खडकवासला आणि त्यानंतर हैदराबादजवळच्या दुंडीगल अकादमीत पुढचं प्रशिक्षण. मुलींना २०२२ पासून एनडीएत प्रवेश आहे आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली.

पदवीनंतर एएफसीएटी परीक्षा. वयाची अट २० ते २४, पण ज्यांच्याकडे चालू सीपीएल आहे त्यांना २६ पर्यंत सवलत मिळते. या मार्गाने उड्डाण शाखेत गेलं तर १४ वर्षांची शॉर्ट सर्व्हिस असते.

दोन गोष्टी मात्र आधीच माहीत हव्यात. पहिली, उड्डाण शाखेसाठी संगणकावर घेतली जाणारी पायलट निवड चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तिथे नापास झालात तर हवाई दलाच्या इतर शाखा खुल्या राहतात, पायलटची नाही. दुसरी, ही नोकरी देशाच्या संरक्षणाची आहे. "पाच वर्षं जेट उडवतो आणि मग एअरलाइनमध्ये जातो" असा हिशोब करून इथे जाता येत नाही, मनाला येईल तेव्हा बाहेर पडता येत नाही. सेवा पूर्ण करून आलेले पायलट एअरलाइनमध्ये जातात आणि त्यांच्या अनुभवाला मान असतो. पण ती दुसरी इनिंग झाली.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी तयारीची सोयसुद्धा सरकारी आहे. छत्रपती संभाजीनगरला सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था आहे. अकरावी-बारावी करता करता एनडीएची तयारी तिथे करून घेतली जाते. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला सुरू झाली आहे. दहावीत असलेल्या मुलांच्या पालकांनी ही नावं आत्ताच लिहून ठेवावीत, कारण बारावीनंतर कळून उपयोग नसतो.

वाट दुसरी : भारतातली फ्लाइंग स्कूल

सगळ्यात जास्त मुलं या वाटेने जातात. एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश घ्यायचा, २०० तास पूर्ण करायचे, परीक्षा द्यायच्या आणि सीपीएल घ्यायचं. खर्च साधारण ४५ ते ६५ लाख.

संस्थांमध्ये दोन प्रकार आहेत. प्रवेश परीक्षा घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी केंद्र सरकारची आहे. तिथे लेखी परीक्षा, अभियोग्यता चाचणी आणि मुलाखत असते. गोंदियाजवळ बिरसी विमानतळावरची राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था, म्हणजे एनएफटीआय, भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाच्या सीएई कंपनीने मिळून उभी केली. तिथेही निवड चाचणी असते. बाकी अनेक खासगी संस्थांमध्ये बारावीचा निकाल, मेडिकल आणि चेक पुरतो.

जाहिरातीत लिहिलेलं असतं '१२ ते १५ महिन्यांत सीपीएल'. हे खरं होऊ शकतं का? गणित करून बघा. महिन्याला १५ तास उड्डाण मिळालं तर २०० तासांना सव्वातेरा-चौदा महिने लागतात. महिन्याला ८ तासच मिळाले तर २५ महिने. फी तीच, पण हॉस्टेल, मेस आणि कर्जाचं व्याज जवळपास दुप्पट काळ चालू राहतं. तास का मिळत नाहीत? पावसाळा असतो. उत्तरेत हिवाळ्यात धुकं असतं. विमान दुरुस्तीला जातं आणि सुटा भाग परदेशातून यायचा असतो. पण सगळ्यात मोठं कारण म्हणजे विमानं आणि इन्स्ट्रक्टर कमी, मुलं जास्त.

यावर अंकुश यावा म्हणून डीजीसीएने फ्लाइंग स्कूलना श्रेणी द्यायला सुरुवात केली. पहिली यादी ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. ३५ संस्थांपैकी एकही 'ए प्लस' किंवा 'ए' श्रेणीत बसली नाही. १३ 'बी'मध्ये आणि २२ 'सी'मध्ये. वर्षातून दोनदा ही श्रेणी बदलते. ॲडमिशन घेण्याआधी ताजी यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर बघा. 'आम्ही नंबर वन' हे वाक्य तिथे कुठे बसतं, ते लगेच समजेल.

सुरक्षेचंही बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमानं कोसळली आणि डीजीसीएने त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. अशा वेळी अर्धे तास पूर्ण केलेली मुलं मधेच अडकतात.

संस्थेत जाऊन हे प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर मागा :

• आज उडू शकणारी विमानं किती? ताफ्यात किती आहेत ते नाही, आज हवेत जाऊ शकतात किती?

• आत्ता शिकत असलेली मुलं किती आणि पूर्णवेळ इन्स्ट्रक्टर किती?

• गेल्या सहा महिन्यांत एका विद्यार्थ्याला महिन्याला सरासरी किती तास मिळाले?

• धावपट्टीवर रात्रीच्या दिव्यांची सोय आहे का? नसेल तर रात्रीचे तास कुठे करून घेता आणि त्याचा खर्च कोण देतं?

• फीमध्ये काय नाही? लँडिंग चार्ज, चाचणीचं उड्डाण, जादा तास, हॉस्टेल?

• मी मधेच सोडलं किंवा तुम्ही बंद झालात तर पैसे परत कसे?

आणि ऑफिसमधून बाहेर पडल्यावर तिथल्या टपरीवर चहा पिणाऱ्या मुलांनाही हेच प्रश्न विचारा. दोन्ही उत्तरं जुळली तर ती संस्था बरी समजायची.

वाट तिसरी : एअरलाइनचा कॅडेट प्रोग्राम

इंडिगो, एअर इंडियासारख्या कंपन्या आधी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी आणि मुलाखत घेऊन मुलं निवडतात. मग ठरलेल्या अकादमीत पाठवतात. ही अकादमी भारतात असू शकते किंवा परदेशात. सीपीएल झालं की त्या कंपनीच्या विमानाचं टाइप रेटिंगसुद्धा याच कोर्समध्ये होतं आणि सगळं नीट पार पडलं तर त्याच कंपनीत ज्युनियर फर्स्ट ऑफिसर म्हणून प्रवेश.

टाइप रेटिंग म्हणजे काय? सीपीएल हातात आलं म्हणजे एअरबस उडवता येते असं नाही. तुम्ही शिकलेले असता सेसना किंवा पायपरसारख्या छोट्या विमानावर. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ साठी वेगळं प्रशिक्षण लागतं आणि त्यातला मोठा भाग सिम्युलेटरवर होतो. दुसऱ्या वाटेने गेलेल्या मुलांना हा खर्च बहुतेक वेळा वेगळा करावा लागतो, साधारण १२ ते २० लाख. जाहिरातीतल्या 'एकूण फी'त तो धरलेला नसतो.

कॅडेट प्रोग्रामचा खर्च एक कोटीच्या आसपास किंवा वर जातो. तो कंपनी देत नाही, तुम्ही देता. बदल्यात मिळतं ते सशर्त आश्वासन, आणि त्यातला 'सशर्त' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. तुमची कामगिरी आणि कंपनीची त्या वेळची गरज, दोन्हींवर ते अवलंबून असतं. कोरोनाच्या काळात विमानं जमिनीवर उभी राहिली तेव्हा प्रशिक्षण संपवून बसलेल्या कॅडेटनाही ताटकळावं लागलं होतं.

तरीही या वाटेचा एक फायदा मोठा आहे. पैसे भरण्याआधी कंपनी तुम्हाला पारखते. तिथे नापास झालात तर हजारांत नुकसान होतं, लाखांत नाही. दुसऱ्या वाटेवर तीच पारख ६० लाख खर्च झाल्यावर नोकरीच्या मुलाखतीत होते. म्हणून कॅडेट म्हणून जायचं नसलं तरी या कंपन्यांची निवड प्रक्रिया कशी असते, ते समजून घेणं फायद्याचं आहे.

वाट चौथी : परदेश

अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा. तिथे विमानं जास्त आणि अनेक ठिकाणी हवा वर्षभर उड्डाणाला बरी, त्यामुळे तास लवकर पूर्ण होतात. खर्च देशानुसार बदलतो आणि रुपया घसरला की मधेच वाढतो.

ज्याचा उल्लेख एजंट हळू आवाजात करतात ती गोष्ट म्हणजे कन्व्हर्जन. परदेशी लायसन्सवर भारतात नोकरी करता येत नाही. परत आल्यावर डीजीसीएच्या परीक्षा, भारतीय क्लास वन मेडिकल, आरटीआर आणि उड्डाण चाचणी हे सगळं करून लायसन्स बदलून घ्यावं लागतं. परदेशात तास डीजीसीएच्या हिशोबाने भरले नसतील, समजा रात्रीचे किंवा कमांडचे तास कमी पडले, तर ते इथे पुन्हा पैसे देऊन पूर्ण करावे लागतात. त्यामुळे परदेशात जाणाऱ्यांनी डीजीसीएची तासांची यादी सोबत ठेवावी आणि पहिल्या दिवसापासून लॉगबुक तसंच भरावं. लेखी परीक्षा शक्यतो इथूनच देऊन जावं.

मग नोकरी नक्की मिळते का?

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते, आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली होती आणि त्यासाठी पुरेसे पायलट नव्हते. तेव्हा सगळीकडे एकच मथळा फिरला, 'देशात पायलटची टंचाई'. लगेच त्याच्या जाहिराती झाल्या.

पण टंचाई कुणाची आहे ते बघायला हवं. विमानात दोन पायलट लागतात. कॅप्टन होण्यासाठी एटीपीएल हे लायसन्स लागतं आणि त्याला किमान १५०० तासांचा अनुभव लागतो. कंपन्यांना घाई असते ती तयार कॅप्टनची आणि टाइप रेटिंग झालेल्या अनुभवी फर्स्ट ऑफिसरची. दुसऱ्या टोकाला दोनशे तासांवाले नवे पायलट असतात. २०२३ मध्ये डीजीसीएने १६०० च्या वर सीपीएल दिली, तोवरचा तो विक्रम होता. यातल्या प्रत्येकाला लगेच कॉकपिट मिळत नाही. काही जण दोन-दोन, तीन-तीन वर्षं भरतीची वाट बघतात, आणि या काळात लायसन्स, रेटिंग आणि मेडिकल चालू ठेवायलाही पैसे लागतात.

हा धंदा भरती-ओहोटीचा आहे. २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली, एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. प्रत्येक वेळी शेकडो अनुभवी पायलट एकाच वेळी बाजारात आले आणि नव्या मुलांची रांग मागे सरकली. दुसरीकडे भारतीय कंपन्यांनी विमानांच्या मोठ्या ऑर्डर दिल्या आहेत. एअर इंडियाने अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर स्वतःची प्रशिक्षण संस्था जाहीर केली, वर्षाला १८० पायलट घडवण्याच्या उद्दिष्टाने. म्हणजे गरज खरी आहे. ती तुमचं लायसन्स हातात येईल त्या महिन्यात असेल का, हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून '१०० टक्के प्लेसमेंट' लिहिणाऱ्याला एकच विचारा, "करारात लिहून देता का?"

कर्जाचं गणित

समजा ८० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, १० वर्षांची मुदत. हप्ता बसतो महिन्याला साधारण १ लाख ५ हजार आणि एकूण परतफेड १ कोटी २७ लाखांच्या आसपास. शिकतानाच्या काळातलं व्याज वेगळं. नोकरी वेळेत लागली तर पायलटच्या पगारात हे बसतं. नोकरी दोन वर्षं लांबली तर हप्ता आई-वडिलांच्या खिशातून जातो.

बँका साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण मागतात. ते तारण म्हणजे घर किंवा प्लॉट. म्हणजे 'प्लॉट विकत नाही, कर्ज काढतो' म्हटलं तरी प्लॉट पणाला लागतोच.

मदतीचे काही मार्ग आहेत. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमधून व्यावसायिक पायलट प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या 'टॉप क्लास' शिष्यवृत्तीतही सीपीएलचा समावेश होता. जागा मोजक्या असतात आणि जाहिरात थोडेच दिवस असते, त्यामुळे महाज्योती आणि समाजकल्याण विभागाच्या सूचना नियमित बघत राहा.

क्रम उलटा करू नका

बहुतेक घरांत क्रम असा असतो : आधी फी, मग मेडिकल, मग परीक्षा. तो बरोबर उलटा हवा.

१. आधी मेडिकल. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे क्लास टू मेडिकल करा, मग हवाई दलाच्या किंवा डीजीसीएने मान्यता दिलेल्या केंद्रात क्लास वन. चष्मा असला म्हणून नागरी पायलट होता येत नाही, हे चुकीचं आहे. चष्म्याने नजर ठरलेल्या मर्यादेत येत असेल तर चालतं. रंगांधळेपणासारख्या गोष्टी मात्र अडवू शकतात आणि त्या अनेकांना या तपासणीतच पहिल्यांदा कळतात. काही हजारांत कळणारी गोष्ट ३० लाख भरल्यावर कळू नये.

२. मग लेखी परीक्षा. बारावी झाल्यावर डीजीसीएकडून कॉम्प्युटर नंबर घेऊन तुम्ही या परीक्षा देऊ शकता. त्यासाठी फ्लाइंग स्कूलमध्ये प्रवेश घेतलेला असावा लागत नाही. पनवेलमध्ये घरी राहून, मुंबईत किंवा ऑनलाइन क्लास लावून हे पेपर देता येतात. यात दोन फायदे. अभ्यास झेपतो का ते कमी पैशांत कळतं, आणि पुढे फ्लाइंग स्कूलमध्ये पूर्ण लक्ष उड्डाणावर राहतं.

३. मग संस्था निवडा. प्रत्यक्ष जाऊन, वरचे प्रश्न विचारून.

४. पैसे टप्प्याटप्प्याने भरा. 'आज पूर्ण रक्कम भरलीत तर पाच लाख सूट' या वाक्यापासून लांब राहा. तास पूर्ण होतील तसे पैसे, असा करार मागा.

५. टाइप रेटिंगचे पैसे बाजूला ठेवा. ते सीपीएलमध्येच संपले तर लायसन्स हातात असूनही गाडी तिथेच थांबते. आणि भरतीचा अंदाज न घेता घाईने टाइप रेटिंग करून ठेवू नका, ते चालू ठेवायलाही पैसे लागतात.

शॉर्टकट मात्र कुठलाच घेऊ नका. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिका देऊन लायसन्स मिळवलेल्या पायलटांचं प्रकरण उघड झालं, लायसन्स रद्द झाली, अटका झाल्या. तेव्हापासून कागदपत्रांची पडताळणी कडक आहे. लॉगबुकमध्ये न उडवलेले तास लिहिणं हा तर स्वतःच्या जिवाशी खेळ आहे.

थोडक्यात, कुणासाठी काय?

वय १९ च्या आत, अभ्यासात आणि तब्येतीत दम आणि सैन्याची ओढ असेल तर आधी एनडीए द्या. गमावण्यासारखं काही नाही. पैशांची सोय आहे आणि इंग्रजी-गणित पक्कं आहे, तर कॅडेट प्रोग्रामची निवड परीक्षा आणि फुरसतगंज-गोंदियासारख्या संस्थांची प्रवेश परीक्षा, दोन्ही द्या. तिथे निवड झाली नाही तर का झाली नाही, ते समजून घ्या आणि मगच खासगी संस्थेकडे वळा. परदेश त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे रुपया घसरला तरी हात आखडणार नाही एवढी शिल्लक आहे. आणि घरातली एकमेव जमीन विकून किंवा गहाण ठेवूनच हे होणार असेल, तर मेडिकल आणि सगळे लेखी पेपर पास होईपर्यंत त्या कागदांना हात लावू नका.

मुलींच्या पालकांसाठी एक वेगळी ओळ. 'मुलगी आणि पायलट?' हा प्रश्न जुना झाला. १९८५ मध्येच कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकाता-सिल्चर मार्गावर संपूर्ण महिला कर्मचाऱ्यांचं विमान नेलं होतं. आज भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे आणि ते जगात सगळ्यात जास्त मानलं जातं.

आणि पायलट होणं जमलं नाही तरी विमानतळाचं दार बंद होत नाही. विमानतळ प्राधिकरण भौतिकशास्त्र-गणित घेऊन बीएस्सी झालेल्यांना किंवा इंजिनिअरना परीक्षेद्वारे एअर ट्रॅफिक कंट्रोलर म्हणून घेतं. विमान दुरुस्तीच्या एएमई लायसन्सचा खर्च पायलटपेक्षा कितीतरी कमी आहे. नवी मुंबई विमानतळाच्या पहिल्या टप्प्याची क्षमताच वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे. तिथे कॉकपिटबाहेरची कामं कॉकपिटमधल्यापेक्षा खूप जास्त असणार आहेत.

या आठवड्यात एकच काम करा. क्लास टू मेडिकल करणाऱ्या डॉक्टरांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे. त्यातल्या जवळच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्या. फ्लाइंग स्कूलच्या काउन्सेलरला फोन त्यानंतर.